गळ हातात, पेटीत नुसत्या पट्ट्या

पत्र : आम्ही तिघे मित्र सुटीच्या दिवशी गरवायला जातो. बहुतेक वेळा तलावाच्या काठावर, कधी खाडीत लहान बोटीतून. तीन आठवड्यांपूर्वी मासा सोडवताना एकाच्या तळहातात, अंगठ्याखालच्या मांसल भागात, तीन तोंडांच्या गळाचं एक टोक रुतलं. मासा तडफडतोय, गळाची दुसरी दोन टोकं मोकळी, आणि आमच्याकडे विकत आणलेली प्रथमोपचाराची पेटी. तिच्यात चिकटपट्ट्या, कापूस, मलम आणि एक कात्री. त्या कात्रीने गळ सोडाच, तंगूससुद्धा कापला जाईना. शेवटी पकडीने ओढून काढला, मांस फाटलं. जखम आता भरली आहे, फक्त तिथे एक लालसर गाठ राहिली आहे, ती दुखत नाही. आमचे प्रश्न असे : पेटीत नक्की काय असावं? गळ जागेवर काढावा की तसाच दवाखान्यात न्यावा? आणि बोटीसाठी वेगळी पेटी लागते का?

उत्तर : तुम्ही जाता जाता जिचा उल्लेख केलाय, त्या गाठीपासून सुरुवात करू. पेटी आठवडाभर थांबली तरी चालेल. पाण्याकाठी झालेल्या जखमेच्या जागी दोन-चार आठवड्यांनी न दुखणारी, लालसर किंवा जांभळट, हळूहळू वाढणारी गाठ आली, तर दोन शक्यता तपासायच्या असतात. पहिली, आत राहिलेला तुकडा. पकडीने ओढताना गळाचं टोक मोडू शकतं; धातू असल्यामुळे साध्या एक्स-रेत ते दिसतं. दुसरी, मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू. क्षयाच्या जंतूच्या कुळातला हा जंतू पाण्यात आणि माशांच्या अंगावर असतो, शरीराच्या थंड भागात फोफावतो, म्हणून हात ही त्याची नेहमीची जागा. चार-पाच दिवसांच्या नेहमीच्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही, उपचार काही महिने चालतात. प्रयोगशाळेतही त्याला ३७ अंशांऐवजी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवावं लागतं. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं ‘गाठ आलीये’ सांगून भागत नाही. मासा, तलावाचं पाणी आणि गळ या तिन्ही गोष्टी मित्राने आपणहून सांगायला हव्यात. गाठीपासून कोपराच्या दिशेने रांगेत आणखी गाठी दिसल्या किंवा अंगठा वाकवताना ओढ बसली, तर उद्याच जा.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. लहानपणीचे डोस पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी गेल्या १० वर्षांतला डोस पुरतो. चिखल, माशाचा चिकट आणि आमिष लागलेली जखम मळकी धरतात. तिच्यासाठी डोस ५ वर्षांच्या आतला हवा. डोस पूर्ण झालेत की नाही हेच आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं. तिघांच्याही शेवटच्या इंजेक्शनची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. जखम झाल्यावर आठवू म्हटलं तर आठवत नाही.

आता पेटी. तयार पेटीतली फसगत अशी की ती घरातल्या खरचटण्यासाठी भरलेली असते. पाण्याकाठी होणाऱ्या जखमा वेगळ्या : गळ रुतणं, माशाचा काटा घुसणं, सुरीने किंवा ताणलेल्या दोरीने कापणं, ऊन लागणं, पाय घसरून मुरगळणं, आणि सगळ्यात वाईट, पाण्यात पडणं. या प्रत्येकासाठी पेटीतली कुठली वस्तू हातात येईल, असा प्रश्न एकेक करून विचारा, म्हणजे तुमच्या पेटीत काय नाही ते आपोआप कळेल. नसलेल्या वस्तूंत पहिली होती तार कापणारा कटर.

विजेचं काम करणारे वापरतात तसा साइड कटर घ्या, साधारण १५ ते १८ सेंटिमीटर लांबीचा, ‘कडक तार कापतो’ असं लिहिलेला. गळ कडक पोलादाचा असतो. स्वस्त कटरच्या धारेला त्याने खाच पडते आणि गळ तसाच राहतो. म्हणून घरी बसून तुमच्याकडचा सगळ्यात जाड गळ त्या कटरने तोडून बघा. डोळ्यांवर चष्मा लावा आणि गळ कापडात धरून तोडा, कारण तुटलेला तुकडा उडतो. एका दाबात तुटला तर कटर पास. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर तो ओल्या, निसरड्या हातात चालणार नाही.

दुसरी तयारी त्याहून सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो गळ टाकण्याआधीच पकडीने दाबून चपटा करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासे फारसे सुटत नाहीत, आणि हातात रुतलेला गळ आला त्या वाटेने परत निघतो. आमच्या मते अख्ख्या पेटीपेक्षा ही एक दाब जास्त कामाची. तीन तोंडांच्या गळांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तिथे एक टोक माणसात आणि दुसरं माशात असा प्रसंग येतो, तुमच्यावर आला तसाच.

गळ रुतला की पहिली गोष्ट : मासा वेगळा करायचा. गळाशी खेळत बसू नका. दोरी कापा आणि मासा तडफडत असेल तर त्याच्या बाजूचं टोक कटरने तोडून त्याला बाजूला घ्या. मग मोकळी राहिलेली टोकं तोडून टाका किंवा त्यांच्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, नाहीतर काढणाऱ्याच्या हातात दुसरा गळ जातो. त्यानंतर थांबून बघायचं की हा गळ आपण काढायचा आहे का.

डोळ्यात किंवा पापणीत, चेहऱ्यावर, मानेवर, जननेंद्रियाजवळ किंवा सांध्यात गेलेला गळ जागेवर काढायचा नाही. मनगटाच्या आतल्या बाजूचा नाही, बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला खोल गेलेलाही नाही; तिथून स्नायूबंध आणि नसा जातात. रुतलेल्या जागेच्या पुढचं बोट बधिर, पांढरं किंवा गार पडलं असेल, वाकत नसेल, रक्त उसळून येत असेल, तरी नाही. अशा वेळी गळाच्या भोवती गॉझच्या गुंडाळ्या कड्यासारख्या रचा, त्या गळापेक्षा थोड्या उंच राहू द्या, वरून पट्टी अशी बांधा की गळावर दाब येणार नाही, आणि निघा. डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ कागदी पेला डोळ्यावर उपडा ठेवून त्याची कड कपाळाला आणि गालाला चिकटवायची, डोळ्याला स्पर्श नको. पेटीत असे दोन पेले एकात एक ठेवले तर जागा जात नाही.

बाकी ठिकाणी, म्हणजे दंड, पोटरी, पाठ, तळहाताचा मांसल भाग अशा जागी, उलटा काटा कातडीखाली गेला असेल तर झटका पद्धत चांगली चालते. ती हाताशी लागेल इतकी सविस्तर सांगतो.

जखमेभोवतीची कातडी पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाने पुसून घ्या. साधारण ६० सेंटिमीटर लांब मजबूत दोरी घ्या, १० किलोच्या वरचं वजन पेलणारी. ती गळाच्या वळणातून, बरोबर मध्यावरून, फास न मारता नुसती ओवा आणि दोन्ही टोकं एकत्र करून एखाद्या काठीच्या तुकड्याला गुंडाळा. उघड्या बोटांना गुंडाळू नका, बारीक विणीच्या दोरीने बोट कापतं. जखमीचा हात घट्ट जागी टेकलेला हवा : खोक्यावर, जमिनीवर, दगडावर. आता डाव्या हाताच्या बोटाने गळाचं नेढं, म्हणजे दोरी बांधायचं टोक, कातडीला टेकेपर्यंत खाली दाबा आणि दांडी किंचित मागे, वळणाच्या दिशेला सरकवा. या दाबाने उलटा काटा मांसातून सुटतो. खरी कला इथे आहे, झटका नंतरचा. दाब सोडायचा नाही, आणि उजव्या हाताने कातडीला समांतर, नेढ्याच्या उलट दिशेला, एकच जोरदार झटका द्यायचा. गळ त्या रेषेत बंदुकीच्या गोळीसारखा जातो, म्हणून त्या बाजूला कुणी उभं नको.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा कचरल्यामुळे. अर्धवट ओढलं की काटा पुन्हा मांसात अडकतो आणि वाट फाडतो. दुसरी चूक म्हणजे वर ओढणं. झटका कातडीपासून वरच्या दिशेला गेला की नेढ्यावरचा दाब सुटतो. दोन प्रयत्नांत निघाला नाही तर तिसरा करू नका, गळ तसाच बांधून दवाखान्यात न्या. कानाच्या पाळीसारख्या लुळ्या, हलणाऱ्या भागात ही पद्धत चालत नाही, कारण मागे टेकू नसतो. आणि ही पहिल्यांदा माणसावर करायची गोष्टही नव्हे : कोंबडीच्या मांडीवर किंवा जाड स्पंजावर जुना गळ रुतवून पाच-सहा वेळा करून बघा, हाताला दाबाचा अंदाज येतो.

गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं, काटा तोडायचा आणि दांडी मागे घ्यायची, ही जुनी पद्धत अनेकांना माहीत असते. टोक आधीच कातडीखाली येऊन टोचत असेल तरच तिचा विचार करावा. एरवी ती दुसरी जखम करते आणि बधिर केल्याशिवाय फार दुखते. ती डॉक्टरांकडे राहू द्या.

गळ निघाल्यावर बहुतेक जण मलम लावून मोकळे होतात, आणि इथेच काम अर्धवट राहतं. टोचलेल्या जखमेचं तोंड लहान आणि तळ खोल असतो. आत गेलेली घाण मलमाने बाहेर येत नाही, पाण्याच्या धारेने येते. त्यासाठी २० मिलिलिटरची सिरिंज पेटीत हवी, दोन असल्या तर उत्तम. पिण्याचं स्वच्छ पाणी किंवा सलाईन भरून जखमेवर जोरात सोडायचं, जखमेच्या दर सेंटिमीटर लांबीला ५० ते १०० मिलिलिटर या हिशेबाने. सिरिंज नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून बाटली दाबली तरी धार येते. तलावाचं किंवा खाडीचं पाणी यासाठी वापरू नका, ते कितीही नितळ दिसलं तरी. हायड्रोजन पेरॉक्साइड पेटीतून काढून टाका. फेस बघून बरं वाटतं, पण तो जिवंत पेशीही मारतो. पोव्हिडोन आयोडिन जखमेभोवतीच्या कातडीसाठी ठेवा, खोल जखमेत ओतू नका. कुठलीही पूड भरू नका. टोचलेली जखम चिकटपट्ट्या ओढून घट्ट बंद करू नका. वर सैलसर गॉझ पुरे.

मग दोन दिवस लक्ष ठेवायचं. लाली कुठवर आहे त्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. ती रेघ ओलांडून पसरली, ताप आला, जखमेच्या मानाने दुखणं जास्त वाटलं किंवा जांभळट फोड आले, तर रात्र घालवू नका. गोड्या पाण्यात एरोमोनास आणि कोमट खाऱ्या-मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हे जंतू असतात, आणि त्यांच्यामुळे काही तासांत हात सुजून जीवावर बेतू शकतं. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या माणसाने तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

काट्याची जखम वेगळी. शिंगाळा, मागूर अशा माशांच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांच्या काट्यात विष असतं, पाकटाच्या शेपटीतल्या काट्यात तर भरपूर. वेदना जखमेच्या आकाराला अजिबात न शोभणारी असते. मोठी माणसं रडकुंडीला येतात. हे विष उष्णतेने निष्प्रभ होतं. म्हणून जखमी हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश सेल्सिअस, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा आणि पाणी निवत जाईल तसं बदलायचं. यासाठी एक लिटरचा थर्मास बरोबर असू द्या. चार-सहा तासांनी थर्मासमधलं पाणी ८० अंशांच्या आसपास असेल, तर त्याच्या दुप्पट साधं पाणी मिसळल्यावर तापमान जमतं. पण भरवसा आकड्यावर ठेवू नका. आधी न दुखावलेल्या माणसाने त्यात हात घालून अर्धा मिनिट ठेवावा. ज्याला काटा लागलाय त्याला वेदनेच्या भरात भाजतंय हेही कळत नाही. सूज येण्याआधी अंगठ्या आणि घड्याळ काढून घ्या. काट्याचा दिसणारा तुकडा टोकदार चिमट्याने काढायचा, मग धुवायचं. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर मात्र तो हलवायचा नाही, गळासारखाच आधार देऊन न्यायचा.

रक्तस्रावासाठी कापूस नको. त्याचे तंतू जखमेत चिकटतात आणि तो भिजला की लगदा होतो. निर्जंतुक गॉझ, १० × १० सेंटिमीटरची निदान १० पानं, ७.५ किंवा १० सेंटिमीटर रुंदीच्या दोन रोलर बँडेज आणि १० सेंटिमीटरची एक क्रेप बँडेज पुरेशी आहे. जखमेवर गॉझ ठेवून तळहाताने दाबायचं आणि घड्याळ लावून १० मिनिटं दाब सोडायचा नाही. ‘थांबलं का’ म्हणून मध्येच उचलून बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. गॉझ भिजला तर काढू नका, वरून दुसरा घाला. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून, टुर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, आवळायचं, रक्त थांबेपर्यंत, आणि वेळ कपाळावर किंवा पट्टीवर मार्करने लिहायची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते सैल करायचं नाही. तंगुसाची किंवा बारीक दोरी त्यासाठी कधीच नको. ती रक्त थांबवण्याआधी मांस आणि नस कापते. पट्टा निदान चार सेंटिमीटर रुंद असावा. साप चावल्यावर मात्र हाच पट्टा पेटीतच राहू द्या. तिथे बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर करायचा, माणसाला शक्यतो चालू द्यायचं नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. असा जवळचा दवाखाना कुठला, हे निघण्याआधी शोधून ठेवा.

गोळ्यांची गर्दी करू नका. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक पट्टी आणि अंगावर गांध्या उठल्या तर सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाला आयबुप्रोफेन दिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तस्राव किंवा सर्पदंश असेल तर ते आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळा. गोळ्यांच्या पट्ट्या कापून ठेवू नका, मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या भागावर जाते. गांधीलमाशी किंवा मधमाशीची मोठी ॲलर्जी असलेला कुणी बरोबर असेल तर त्याला लिहून दिलेलं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन त्याच्या खिशात हवं. घसा आवळला, श्वास लागला की ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं. सेटिरिझिन त्या वेळी उपयोगाचं नाही.

ओआरएसची चार पाकिटं घ्या आणि त्याबरोबर एक लिटरची खूण असलेली बाटली. १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. ‘कडक होऊ दे’ म्हणून अर्ध्या लिटरमध्ये टाकलं की क्षार जास्त होतात आणि उलट त्रास होतो. अंगाची लाही होऊन माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर ओआरएसची वेळ गेलेली असते. सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. गार करणं आधी, गाडीत घालणं नंतर.

जळवांसाठी पेटीत काही लागत नाही. नखाची कड तिच्या बारीक तोंडाखाली सरकवली की ती सुटते. मीठ टाकल्यावर किंवा चटका दिल्यावर ती पोटातलं जखमेत ओकते.

आता या सगळ्याची मांडणी. एकच मोठी पेटी गाडीत ठेवून दोघे कमरेभर पाण्यात उभे, हे नेहमीचं दृश्य. ती पेटी त्या वेळी नसल्यातच जमा. म्हणून दोन भाग करा. अंगावरच्या झिपच्या पाकिटात कटर, टोकदार चिमटा, ६० सेंटिमीटरची दोरी, गॉझची दोन पाकिटं, एक रोलर बँडेज, नायट्राइल हातमोज्यांची एक जोडी आणि शिट्टी. बाकी सगळं भडक रंगाच्या, रबरी कड असलेल्या डब्यात. डबा घेतल्यावर आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून बादलीत १० मिनिटं दाबून धरा. टिश्यू कोरडा निघाला तर डबा चांगला. डब्यात वरती हातमोजे आणि गॉझ, खाली गोळ्या, कारण रक्त वाहताना गोळ्या कुणी शोधत नाही. माशाच्या चिकटाने माखलेल्या बोटांनी गॉझचं पाकीट फाटत नाही. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्याला चिकटपट्टीची शेपटी लावून ठेवा आणि एकदा हात ओले-साबणाचे करून उघडून बघा. आयोडिनची बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, ती गळतेच.

डबा बंद गाडीत उन्हात ठेवू नका. चिकटपट्टीचा गोंद वितळतो, गोळ्या ठरलेल्या तापमानापलीकडे जातात, हातमोजे चिकटतात. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर चिमटा आणि कटर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कटरच्या सांध्याला तेलाचा थेंब. एवढं चुकलं की पुढच्या महिन्यात कटर उघडत नाही. वापरलेली वस्तू त्याच संध्याकाळी परत भरायची.

बोटीसाठी वेगळी पेटी नको, पण भर लागते. तोंडावर ठेवायचा एकेरी झडपेचा मुखवटा घ्या आणि तो वापरायला शिका. बुडालेल्या माणसाला श्वास नसेल तर सुरुवात तोंडाने श्वास देऊन करायची, नंतर छातीवर दाब : ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात जातं. तो शुद्धीवर येऊन ‘बरा आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. अंगाला लपेटायची चंदेरी चादर माणशी एक असू द्या. ती स्वतः ऊब देत नाही, अंगाची ऊब फक्त अडवते, त्यामुळे ओले कपडे काढल्याशिवाय तिचा फारसा उपयोग होत नाही. बोट लागणाऱ्याने गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही, आणि तिने झोप येते म्हणून सुकाणू त्याच्या हाती नको.

खाडीत जेलीफिशचे धागे अंगाला चिकटले तर चिमट्याने उचला, समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही आणि वाळूने घासून तर नाहीच. तुमच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असेल तर व्हिनेगरची अर्धा लिटरची बाटली बोटीत टाका. ते निदान ३० सेकंद ओतायचं, मगच धागे काढायचे. निळ्या फुग्यासारख्या पोर्तुगीज मॅन ओ वॉरसाठी मात्र व्हिनेगर नको. तिथे समुद्राच्या पाण्याने धुऊन मग गरम पाणी, म्हणजे पुन्हा तोच थर्मास.

लाइफ जॅकेट या यादीत कुठेच नाही, कारण ते पेटीत किंवा बाकाखाली ठेवायची वस्तू नव्हे. बोटीत पाय टाकण्याआधी तिघांच्याही अंगावर, पट्टे आवळून.